ई-एससीआर: नोकरीतल्या भेदभावाचे निकाल शोधायला कितपत कामाचं?

सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांचे अधिकृत अहवाल, म्हणजे वकिलांच्या कपाटातले ते ‘सुप्रीम कोर्ट रिपोर्ट्स’चे (एससीआर) जाडजूड खंड, जानेवारी २०२३ पासून ई-एससीआर पोर्टलवर फुकट वाचता येतात. वर्गणी नाही, कॅप्चा भरायचा आणि शोधायचं. कामावरून काढलेली कर्मचारी असो, युनियनचा प्रतिनिधी असो की छोट्या कंपनीचा एचआर, मूळ निकाल वाचायला ही उत्तम जागा आहे. पण निकाल सापडणं वेगळं आणि तो आपल्याला लागू पडणं वेगळं. दुसऱ्या कामात पोर्टल काडीची मदत करत नाही.

आधी शोधाबद्दल. नुसतं ‘डिस्क्रिमिनेशन’ टाकलं की ढीग पडतो, कारण कर, निविदा, प्रवेश अशा कसल्याही वादात समानतेचा मुद्दा निघतोच. त्यापेक्षा सलग शब्दसमूह शोधण्याचा पर्याय घ्यावा आणि कायद्याचं इंग्रजी नाव पूर्ण टाकावं. इथे एक गोम आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून जुने कामगार कायदे एकत्र करणाऱ्या श्रमसंहिता लागू झाल्या. १९७६चा समान वेतन कायदा वेतन संहितेत गेला आणि १९६१चा प्रसूती लाभ कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत. निकाल मात्र जुन्याच नावांखाली पडून आहेत. म्हणून शोधताना जुनं नाव वापरायचं आणि अर्ज लिहिताना नवं कलम.

वर्षही चकवतं. एअर इंडिया विरुद्ध नर्गेश मिर्झा हा हवाई सुंदरींचा निकाल ऑगस्ट १९८१चा, पण तो छापलाय १९८२च्या पहिल्या खंडात, पान ४३८ वर. १९८१चे खंड चाळत बसलात तर हाती काही लागणार नाही. नावाचं इंग्रजी स्पेलिंगही दोन प्रकारे चालतं. एकाने जमलं नाही तर दुसरं टाकून बघावं.

निकाल उघडल्यावर थेट शेवटच्या पानावर जाऊ नका. अलीकडच्या अहवालांत सुरुवातीलाच विचाराधीन मुद्दा, सारांश, कायद्यांची आणि कळीच्या शब्दांची यादी असते, ती सोय खरोखर चांगली आहे. जुन्या खंडांत सारांशातल्या प्रत्येक मुद्द्याखाली चौकटी कंसात पान आणि इंग्रजी अक्षरं असतात. तीच अक्षरं पानाच्या समासात ए ते एच अशी वरून खाली छापलेली असतात, त्यामुळे न्यायालयाचं मूळ वाक्य मिनिटभरात सापडतं. अर्जात उतरवायचं ते हे मूळ वाक्य. सारांश न्यायमूर्तींनी लिहिलेला नसतो.

आता खरी उणीव. एखाद्या निकालाचं पुढे काय झालं, हे त्याच्या पानावर कळत नाही. नर्गेश मिर्झाच घ्या. पहिल्या गरोदरपणात नोकरी संपवणारा नियम न्यायालयाने रद्द केला, पण नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न करायचं नाही हा नियम तेव्हा कायम ठेवला. तेवढंच वाचून एखादा मालक नेमणूकपत्रात लग्नाची अट घालायला मोकळा! फेब्रुवारी २०२४ मध्ये याच न्यायालयाने, लग्न झालं म्हणून लष्करी परिचर्या सेवेतून काढलेल्या अधिकारी महिलेला ६० लाख रुपये द्यायला लावले आणि असा नियम उघड लिंगभेद ठरवला. त्या बाईंना काढलं होतं १९८८ मध्ये. म्हणून जुना निकाल सापडला की पक्षकाराचं नाव पुन्हा शोधपेटीत टाकून नंतरच्या कोणत्या निकालांत त्याचा उल्लेख आहे ते पाहावं. काम कंटाळवाणं आहे, पण टाळलं तर सगळा युक्तिवाद कोसळू शकतो.

दुसरी चूक वाचणाऱ्याची. निकालातला मालक कोण होता हे न पाहताच तो खासगी कंपनीच्या तोंडावर फेकला जातो. संविधानाची कलमं १४ ते १६ मुख्यतः सरकार आणि त्याच्या संस्थांना बांधतात. २०२१चा नितिशा निकाल लष्कराबद्दलचा आहे. सगळ्यांना सारखा दिसणारा निकषही एका गटावर अन्याय करू शकतो, हे त्यात नीट उलगडलंय. मूल्यमापनाचे तक्ते बनवणाऱ्या एचआरने तो जरूर वाचावा, पण खासगी कर्मचाऱ्याचा दावा एवढ्यावर उभा राहत नाही. त्याला वेतन, प्रसूती, लैंगिक छळ, अपंगत्व अशा त्या त्या विषयाचा कायदा हातात लागतो. जात-धर्मापासून वयापर्यंत सगळे भेदभाव कवेत घेणारा एकच कायदा आपल्याकडे नाही.

खासगी आस्थापनेला थेट लागणारं उदाहरण हवं असेल तर १९८७चा मॅकिनन मॅकेन्झी विरुद्ध ऑड्रे डिकोस्टा शोधा. स्त्री आणि पुरुष स्टेनोग्राफरचं काम एकच असताना युनियनशी केलेला करार किंवा कंपनीची पैशाची अडचण हे कमी पगाराचं समर्थन ठरलं नाही.

ठरावीक मुदतीच्या करारावरच्या नोकरीसाठी २०२३चा कविता यादव निकाल. करार ११ जून २०१७ ला संपणार आणि प्रसूती रजा १ जूनपासून मागितलेली, म्हणून रुग्णालयाने ११ दिवसच देय धरले. न्यायालयाने सांगितलं की आधीच्या १२ महिन्यांत ८० दिवस काम झालं असेल तर लाभ कराराच्या तारखेपाशी तुटत नाही. ‘करार संपला, रजाही संपली’ हे साच्यातलं वाक्य असलेली पत्रं मालकांनी आता काढून टाकावीत आणि २६ आठवड्यांच्या प्रसूती लाभाच्या रकमेची तरतूद आधीच करावी.

बऱ्याच निकालांचे मराठी अनुवाद आहेत. समजून घ्यायला ते पुरतात, पण अधिकृत मजकूर इंग्रजीच, म्हणून उद्धृत करताना इंग्रजी परिच्छेद क्रमांक द्यावा. अहवालात न छापलेले आदेश इथे नसतात, ते न्यायालयाच्या मुख्य संकेतस्थळावर पाहावेत. उच्च न्यायालयांसाठी ई-कोर्ट्सचं निकाल शोधण्याचं वेगळं पोर्टल आहे. एचआयव्हीबाधित हंगामी कामगाराला केवळ संसर्गामुळे कामावर घ्यायचं नाकारता येणार नाही, असं सांगणारा मुंबई उच्च न्यायालयाचा १९९७चा निकाल हवा असेल तर ई-एससीआरवर वेळ घालवू नका.