साडेचारशे रुपयांचा प्लॅनर: पाडवा ते मार्गशीर्ष

गुढीपाडव्याला घेतलेला प्लॅनर मार्गशीर्षातही रोज उघडला जातोय, हे आमच्या घरात नवलच. आधीच्या सगळ्या डायऱ्या फेब्रुवारीपर्यंत किराणाच्या यादीला लागायच्या. त्यामुळे आता थोडं सविस्तर लिहायला हरकत नाही.

कोल्हापुरात महाद्वार रोडला घेतला, साडेचारशे रुपयांना. सुरुवातीला सरलेल्या वर्षाची काही पानं, मग उद्दिष्टांची, मग रोजची, आणि दर महिन्याअखेर आढावा. तारखा छापलेल्या नाहीत, आपण घालायच्या. मला हीच गोष्ट सगळ्यात आवडली. माझं वर्ष जानेवारीत सुरू होतच नाही. उद्यमनगरातल्या आमच्या वर्कशॉपचा हिशेब १ एप्रिलला नवा होतो आणि घरचा पाडव्याला.

पहिल्याच पानावर प्रश्न आहे: 'या वर्षानं तुम्हाला शिकवलेल्या पाच गोष्टी लिहा.' गेल्या वर्षी आई बाथरूममध्ये घसरली, खुब्याचं ऑपरेशन झालं. त्याच सुमारास निम्म्याहून जास्त जॉबवर्क देणाऱ्या पार्टीनं ऑर्डर बंद केल्या. यातून शिकायचं काय? बाथरूममध्ये रबरी मॅट टाकावी. एवढंच लिहिलं आणि चार ओळी कोऱ्या सोडल्या. संकटातून धडा निघालाच पाहिजे ही सक्ती मला पटत नाही.

पुढचं पान मात्र कामाचं निघालं. बारा चौकोन, दर महिन्यात काय घडलं ते लिहायचं. बायकोला शेजारी बसवून भरलं. मला दवाखाना आणि थकलेली बिलं एवढंच आठवत होतं. तिला बाकीचं आठवत होतं: इचलकरंजीची ताई महिनाभर येऊन राहिली होती, लेथवरची दोन पोरं पगार उशिरा होऊनही थांबली होती, वरच्या मजल्यावरच्या काकूंनी कितीतरी दिवस आईचा दुपारचा चहा केला होता. चौकोन भरले तेव्हा वर्ष वाईटच दिसलं, पण त्यात माणसं बरीच दिसली.

उद्दिष्टांच्या पानांवर ती 'स्मार्ट'ची चौकट आहे, पाच इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांची: उद्दिष्ट नेमकं हवं, मोजता येणारं हवं, गाठता येणारं हवं, वगैरे. ही चौकट जॉर्ज डोरान यांनी १९८१ मध्ये मांडली ती कंपन्यांच्या मॅनेजरांसाठी, आणि त्यांच्या मूळ मांडणीत 'गाठता येणारं'च्या जागी 'हे काम कोण करणार' असं होतं. प्लॅनर छापणाऱ्यांनी नेमकं तेच गाळलंय. जणू वर्ष काढणारा माणूस एकटाच राहतो! मी प्रत्येक उद्दिष्टापुढे पेनानं एक जादा रकाना आखला: कोण.

सगळा फरक त्या रकान्यानं पडला. 'आईनं दसऱ्यापर्यंत अंबाबाईच्या मुखदर्शनाला चालत जायचं' हे पहिलं उद्दिष्ट. पुढे नावं लिहिली: सकाळचा व्यायाम बायकोकडे, फिजिओकडे नेणं माझ्याकडे, गुरुवार ताईकडे. ताई गुरुवार चुकवायची नाही, कारण तिचं नाव लिहिलेलं आईनं वाचलं होतं आणि आई बुधवारी रात्रीच फोन करायची. नवरात्राच्या गर्दीत नेणं शक्य नव्हतं. कार्तिकात एका दुपारी काठी टेकत जाऊन आली.

दुसरं उद्दिष्ट उधारीचं. आमच्यासारख्या लघुउद्योगाचं बिल, लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसेल तर १५ दिवसांत द्यावं, असं २००६ चा कायदा सांगतो. आयकराच्या नव्या तरतुदीमुळे मुदतीत न दिलेल्या रकमेची वजावट खरेदीदाराला पैसे प्रत्यक्ष देईपर्यंत मिळत नाही. म्हणून मी थाटात लिहिलं होतं, 'सगळी उधारी ४५ दिवसांच्या आत'. दोन महिन्यांच्या आढाव्यात ते जागचं हललं नव्हतं. पैसे द्यायचे दुसऱ्यानं आणि उद्दिष्ट माझं, कसं हलणार? मग खोडून लिहिलं: 'दर शनिवारी अकरा वाजता थकलेल्या पार्ट्यांना फोन, कोण: धाकटा भाऊ.' तो माझ्यापेक्षा गोड बोलतो. उधारी संपली नाही, पण शनिवारचे फोन चालू आहेत आणि जुनी दोन बिलं सुटली.

रोजच्या पानावर 'आजचा मूड' म्हणून पाच चेहरे छापलेत. चाळिशीतल्या माणसानं संध्याकाळी हसऱ्या तोंडाला गोल करायचा म्हणजे जरा अतीच. पावसाळ्यात मी तिथं पंचगंगेची राजाराम बंधाऱ्याजवळची पातळी लिहायला लागलो. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका, हे इथं शेंबड्या पोरालाही पाठ असतं. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याची बातमी आली की मूड वेगळा लिहावा लागत नाही. २०१९ आणि २०२१ ला शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आलं तेव्हा माल अडकला होता, म्हणून यंदा चाळीसच्या पुढचा आकडा लिहिला त्याच संध्याकाळी तयार कास्टिंग वरच्या रॅकवर चढवली. त्या चौकोनाचा एवढा उपयोग छापणाऱ्यांना सुचला नसेल.

सवयींचा तक्ता वाया. 'रोज रंकाळ्यावर चालणं'च्या खुणा वैशाखातच थांबल्या. तिथं आता आईचं बीपी लिहितो.

कागद पातळ आहे, जेल पेनची शाई मागं उमटते. बांधणी नुसती चिकटवलेली. श्रावणातल्या दमटपणात मधली पानं सुटली, बाइंडरकडून दोऱ्यानं शिवून घ्यावी लागली. या किमतीला हे शोभत नाही.

पुढच्या पाडव्याला हाच घेणार नाही. दोनशे पानी लांब वही आणून तीन रकाने आखणार: काम, कोण, कधीपर्यंत. बारा चौकोनांचं पान मात्र जसंच्या तसं उतरवून घेणार, आणि यंदा ते भरायला ताईलाही बोलावणार. वर्कशॉपचं एकच उद्दिष्ट ठरलंय: कुठल्याही एका पार्टीचं काम एकूण कामाच्या तिसऱ्या हिश्शावर जाऊ द्यायचं नाही. पुढे नाव माझं आणि भावाचं.

पाचपैकी तीन तारे. घ्यायचाच असेल तर दुकानात मधोमध उघडून शिवण आहे का ते बघा, आणि शाईचा पेन लावून बघू देतात का तेही विचारा.