मोनोसायफर: कोड दोन फायलींचा, रँडमची जबाबदारी आपली

शेतपंपाच्या कंट्रोलरसाठी मोनोसायफर ही एन्क्रिप्शनची लायब्ररी घेतली ती सरळ खर्चाचा हिशेब करून. लायसन्स फुकट, एक सी फाइल, एक हेडर, कोड दोन हजार ओळींच्या आत. बोर्डावर ईएसपी32 चिप, सर्व्हरवर लिनक्स, टेक्निशियनच्या लॅपटॉपवर विंडोज. तिन्हीकडे तीच फाइल एकही ओळ न बदलता कंपाइल झाली.

पण रँडम आकडे देणारं फंक्शनच यात नाही! किल्ली आणि नॉन्स (एकदाच वापरायचा आकडा) तिथूनच येतात, आणि नेमकं तिथेच लायब्ररी हात वर करते. लिबसोडियम या दुसऱ्या लायब्ररीत एका कॉलवर भागतं. इथे लिनक्सला गेटरँडम, विंडोजला बीक्रिप्टजेनरँडम, बोर्डाला आणखी काही, हे सगळं आपणच जोडायचं.

बोर्डावर तर जास्तच जपावं लागतं. ईएसपी32 चा हार्डवेअर जनरेटर खऱ्या रँडमची खात्री देतो ती वायफाय किंवा ब्लूटूथ चालू असताना, नाहीतर एन्ट्रॉपीचा, म्हणजे अंदाज न येणाऱ्या गोंधळाचा, अंतर्गत स्रोत मुद्दाम चालू करावा लागतो. आमच्या एका मॉडेलला फक्त आरएस-485 ची वायर आहे, रेडिओ बंद. किल्ली पहिल्या बूटलाच तयार होणार होती. सहकाऱ्याने रिव्ह्यूत बोट ठेवलं म्हणून माल बाहेर जायच्या आधी कळलं. अशा वेळी कंपायलर ओरडत नाही, टेस्ट फेल होत नाही, डेटा व्यवस्थित एन्क्रिप्ट होत राहतो, फक्त किल्ली अंदाजाने ओळखता येण्यासारखी असू शकते. म्हणून मी या एका गोष्टीवर इतका अडून बसलोय.

नंतर ऑपरेटिंग सिस्टिमच नसलेल्या एका स्वस्त चिपवर हाच कोड नेला, तेव्हा मत थोडं बदललं. मोनोसायफर मॅलॉक करत नाही, म्हणजे स्वतः मेमरी मागत नाही, सिस्टिमला हाक मारत नाही. पासवर्डपासून किल्ली बनवणाऱ्या आर्गॉन2 ला लागणारी मेमरीसुद्धा आपणच द्यायची. रँडम आत कोंबलं असतं तर ते इतक्या सहज तिथे चाललं नसतं आणि आम्हाला महागडी चिप घ्यावी लागली असती. ठीक आहे, आत नको. पण शेजारी ऐच्छिक फाइल द्यायला काय हरकत आहे? एड25519 या डिजिटल सहीच्या प्रचलित पद्धतीसाठी तशी दिलीच आहे. ती लागतेही, कारण मोनोसायफरची मूळ सही ब्लेक2बी हा वेगळा हॅश वापरते आणि लिबसोडियमकडे तपासायला गेली की जुळत नाही.

2018 मध्ये सही तपासण्यात गंभीर दोष निघाला होता, सगळी शून्यं असलेली सहीही पास व्हायची. तो दुरुस्त झाला, 2020 मध्ये क्युअर53 या सुरक्षा तपासणाऱ्या कंपनीचं ऑडिटही झालं. चौथ्या आवृत्तीत फंक्शनांची नावं बदलली, त्यामुळे जुनी उदाहरणं तशीच्या तशी चालत नाहीत.

पुढच्या मॉडेलमध्येही हीच लायब्ररी राहणार. रँडमची आमची फाइल जेमतेम पानभर आहे, पण रिव्ह्यूत सगळ्यात जास्त वेळ तीच खाते.