स्वस्त ब्लूटूथ ओबीडी स्कॅनर: जुन्या ऑटोमॅटिकच्या गिअरबॉक्ससाठी कितपत कामाचा?

ऑनलाइन किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर पाचशे ते हजार रुपयांत मिळणारा, काडेपेटीएवढा प्लॅस्टिकचा डबा: गाडीच्या ओबीडी सॉकेटला, म्हणजे बिघाडाची माहिती वाचायच्या सॉकेटला लावायचा आणि फोनला जोडायचा. वर ‘ईएलएम३२७’ छापलेलं असतं. चेक इंजिनचा दिवा कशामुळे लागला हे पाहायला बहुतेक जण तो घेतात. इथे तो वेगळ्या कामासाठी तपासला आहे: दहा-बारा वर्षं जुन्या, टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनाचा जोर तेलातून गिअरबॉक्सला देणारा भाग) असलेल्या ऑटोमॅटिकचे गिअर झटका मारून किंवा उशिरा पडत असतील, तर या डब्याचा काय उपयोग? एएमटी, सीव्हीटी आणि डीएसजी या इतर प्रकारच्या ऑटोमॅटिकची दुखणी निराळी, ती इथे घेतलेली नाहीत.

किमतीच्या मानाने डबा भरपूर देतो, पण दोन अटींवर. गिअरबॉक्सचं तेल आधी तपासलेलं हवं, आणि फोनमधलं अ‍ॅप गाडीच्या टीसीयूपर्यंत, म्हणजे गिअरबॉक्स चालवणाऱ्या कंट्रोल युनिटपर्यंत पोचायला हवं. यातली एक अट जरी सुटली तर फोनवर काटे हलताना दिसतील, एवढंच.

तेलाची पातळी हा डबा सांगू शकत नाही, कारण या वयाच्या गाड्यांत पातळीचा सेन्सरच नसतो. आणि गोंधळ इथेच होतो. तेल कमी असलं की पंप हवा ओढतो, तेलाला फेस येतो, दाब पडतो आणि चांगला क्लचसुद्धा घसरतो. स्कॅनर मग ‘गिअरचं गुणोत्तर चुकलं’ असा कोड दाखवतो, आणि अर्धा लिटर तेलाचं काम गिअरबॉक्स उतरवण्यापर्यंत जातं. जास्त तेलानेही फेस होतो, कारण फिरते भाग ते घुसळतात.

पातळी बघायची रीत कंपनीगणिक बदलते आणि गॅरेजमध्ये सर्रास चुकते. हुंदाईत गाडी सपाट जागी, इंजिन चालू, ब्रेक दाबून लिव्हर सगळ्या गिअरमधून एकदा फिरवून ‘एन’मध्ये आणायचा, तेल ७०-८० अंश तापलेलं हवं, मग ‘हॉट’च्या खुणा बघायच्या. टोयोटात डिपस्टिक असेल तर तसंच, पण लिव्हर ‘पी’मध्ये. होंडात उलटं: रेडिएटरचा पंखा लागेपर्यंत इंजिन तापवायचं, बंद करायचं आणि ६० ते ९० सेकंदांच्या आत डिपस्टिक काढायची. होंडाची डिपस्टिक चालू इंजिनवर पाहिली तर तेल खोटंच कमी दिसतं आणि कुणीतरी वरून ओततं. हुंदाईची बंद इंजिनवर पाहिली तर खोटंच जास्त दिसतं.

डिपस्टिक पांढऱ्या कागदावर पुसा. लाल किंवा फिकट तपकिरी चालेल. काळपट आणि जळका वास म्हणजे क्लचच्या प्लेटा भाजल्या आहेत. गुलाबी, दुधाळ तेल दिसलं तर इंजिनच सुरू करू नका: रेडिएटरच्या आतला एटीएफ (म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) थंड करणारा कूलर फुटून कूलंट मिसळलंय, नाहीतर गाडी पुराच्या पाण्यात उभी राहून ब्रीदरमधून (गिअरबॉक्सच्या हवेच्या भोकातून) पाणी आत गेलंय. अशा तेलावर कुठलाही कोड वाचणं व्यर्थ.

आता डब्याकडे. ईएलएम३२७ ही मूळ चिप कॅनडातल्या ईएलएम इलेक्ट्रॉनिक्सची. बाजारात मिळतात त्या जवळजवळ सगळ्या नकला. गंमत म्हणजे ‘व्हर्जन १.५’ अशी चिप मूळ कंपनीने कधी काढलीच नाही, तरी नकलांमध्ये ‘१.५’ लिहिलेलीच बरी निघते. ‘२.१’ लिहिलेल्या बऱ्याचशा नकलांमध्ये कमांड गाळलेल्या असतात, आणि जुन्या गाड्यांना लागणारी के-लाइन (एका तारेवरून माहिती पाठवायची जुनी, संथ पद्धत) त्यांना धड बोलता येत नाही. विक्रेत्याला आत दोन बोर्ड आणि पीआयसी१८एफ२५के८० चिप आहे का, ते विचारा. परत घेण्याची हमी नसेल तर घेऊ नका. आयफोनला साधा ब्लूटूथ डबा चालत नाही, ब्लूटूथ एलई किंवा वायफायवाला लागतो. अँड्रॉइडवर जोडताना पिन १२३४ किंवा ०००० असतो.

भारतात ओबीडी-२ एप्रिल २०१३ पासून सक्तीचं झालं. त्याआधीच्या गाडीत सोळा पिनांचं सॉकेट असलं, तरी डबा बोलेलच याची खात्री नाही. विकत घेण्याआधी कुणाचा तरी मागून लावून बघणं शहाणपणाचं.

जोडणी झाली की आधी बॅटरीचे व्होल्ट बघा, ते कुठलंही अ‍ॅप दाखवतं. इंजिन बंद असताना १२.४ च्या खाली किंवा चालू असताना १३.५ च्या खाली असेल तर बॅटरी, अल्टरनेटर आणि गिअरबॉक्सची अर्थ वायर आधी बघा. व्होल्टेज पडलं की सोलेनॉइड (गिअरबॉक्समधल्या तेलाच्या वाटा उघडझाप करणारे विजेचे व्हॉल्व्ह) आळसावतात आणि नसलेले आजार दिसू लागतात.

यानंतर सगळ्यात मोठी फसगत: पी०७००. हा कोड म्हणजे फक्त निरोप, ‘टीसीयूकडे काहीतरी नोंदलेलं आहे’ इतकाच. खरा कोड टीसीयूत असतो आणि फुकटची साधी अ‍ॅप तिथवर पोचतच नाहीत. पी०७०० चा प्रिंट दाखवून ‘गिअरबॉक्स गेला’ म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. कार स्कॅनर अ‍ॅपमध्ये जोडणी करताना गाडीची कंपनी आणि मॉडेलचं प्रोफाइल निवडता येतं, मग पुष्कळदा टीसीयू उघडतो. टॉर्क प्रो या दुसऱ्या अ‍ॅपमध्ये वेगळ्या पीआयडी (गाडीकडून एकेक मूल्य मागवायचे क्रमांक) भराव्या लागतात, ते काम जरा किचकट. कोड पुसण्याआधी फ्रीझ फ्रेमचा स्क्रीनशॉट काढाच. त्यात कोड पडला त्या क्षणीचं आरपीएम, वेग आणि कूलंटचं तापमान असतं. पी०७३३ चा (तिसऱ्या गिअरचं गुणोत्तर चुकल्याचा) कोड ९४ अंश आणि ताशी ४२ ला पडला असेल, तर दुखणं गरम झाल्यावरचं आहे आणि सकाळच्या थंड गाडीवर टेस्ट ड्राइव्ह घेऊन काही सापडणार नाही.

डबा आपली किंमत वसूल करतो तो हुंदाईच्या चार-स्पीड गिअरबॉक्सवर. जुनी आय१०, त्या काळची व्हर्ना यांच्यातला हा ए४सीएफ कुळातला गिअरबॉक्स. त्याची आतली मांडणी साधी आहे. अंडरड्राइव्ह क्लच पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरला लागतो. ओव्हरड्राइव्ह क्लच तिसऱ्या आणि चौथ्याला. सेकंड ब्रेक दुसऱ्या आणि चौथ्याला. लो-रिव्हर्स ब्रेक पहिल्याला आणि रिव्हर्सला, शिवाय रिव्हर्सचा स्वतंत्र क्लच. गुणोत्तराचे कोड पी०७३१ ते पी०७३४ हे अनुक्रमे पहिला ते चौथा गिअर दाखवतात. दोन्ही एकत्र मांडा:

पी०७३३ आणि पी०७३४ दोन्ही आले, पहिला-दुसरा ठणठणीत: संशय ओव्हरड्राइव्ह क्लचवर. पी०७३२ आणि पी०७३४: सेकंड ब्रेक. पहिले तीन कुरकुरतात आणि चौथा छान: अंडरड्राइव्ह क्लच. पुढचे सगळे गिअर ठीक, पण ‘आर’ला दोन-तीन सेकंद लागतात: रिव्हर्स क्लच किंवा लो-रिव्हर्स ब्रेक, बहुधा कडक झालेलं सील. आणि चारही कोड एकदम आले तर चारही ठिकाणचे क्लच एका रात्रीत जळत नाहीत. अशा वेळी संशय तेलाच्या पातळीवर, नाहीतर टर्बाइनच्या, म्हणजे गिअरबॉक्समध्ये शिरणाऱ्या वेगाच्या सेन्सरवर (पी०७१५, पी०७१७) किंवा आउटपुटच्या, म्हणजे बाहेर पडणाऱ्या वेगाच्या सेन्सरवर (पी०७२०, पी०७२२). पावसाळ्यानंतर या सेन्सरांच्या कनेक्टरमध्ये हिरवट गंज सापडणं नेहमीचं. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून, पिना घट्ट करून मगच पुढचा खर्च करा.

गाडी सिग्नलवरून मेल्यासारखी निघते, लिव्हर ‘२’ला टाकला तरी काही फरक नाही, आणि चावी बंद करून परत चालू केली की काही वेळ बरी चालते? टीसीयूने बिघाड ओळखून गाडी तिसऱ्या गिअरमध्ये अडकवून ठेवली आहे. हे बहुधा विजेचं दुखणं. पी०७५० ते पी०७६५ यांपैकी (शिफ्ट सोलेनॉइडचा) कोड असेल तर गिअरबॉक्सवरच्या कनेक्टरवर मल्टिमीटर लावा. या हुंदाईंत ऑन-ऑफ सोलेनॉइडचा रोध तीन ओहमच्या आसपास असतो. होंडाच्या शिफ्ट सोलेनॉइडचा १२ ते २५ ओहम, त्यामुळे एका गाडीचा आकडा दुसरीला लावू नका.

होंडाच्या पाच-स्पीडमध्ये डॅशबोर्डवरचा ‘डी’ लुकलुकतो आणि गिअर बदलताना मागून कुणी ठोकल्यासारखा झटका बसतो. पी०८४७ दिसला तर तिसऱ्या क्लचचा प्रेशर स्विच. तो बाहेरून खोलता येतो, नवा वॉशर लावून बसवायचा. गिअरबॉक्स उतरवायची गरज नाही.

कोड नसतानाही डबा कामी येतो, फक्त स्क्रीनवर दहा मीटर लावू नका. के-लाइनवर तो सेकंदाला मोजकीच मूल्यं आणतो, आणि गिअर बदलायला अर्धा-एक सेकंदच लागतो. फक्त आरपीएम आणि वेग ठेवा, बाकी काढून टाका, आणि आलेख नोंदवा. गाडी शेजारच्याला चालवायला द्या. चालवता चालवता फोनकडे बघायचं काम हे नव्हे.

घसरण मोजायचं गणित सोपं आहे. ताशी ६० म्हणजे मिनिटाला १००० मीटर. १७५/६५ आर१४ टायरचा घेर साधारण १.८३ मीटर, म्हणजे चाक मिनिटाला ५४६ वेळा फिरतं. तिसऱ्या गिअरचं आणि फायनल ड्राइव्हचं एकत्रित गुणोत्तर समजा ४ असेल, तर लॉक-अप (कन्व्हर्टरमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडणारा क्लच) लागल्यावर इंजिन २,१८० च्या आसपास हवं. कन्व्हर्टर मोकळा असताना थोडं वर जाणं साहजिक आहे. पण दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना वेग तोच आणि आरपीएम ५००-६०० ने उसळून मग खाली येत असेल, तर एक क्लच सुटला आणि दुसरा वेळेत धरला नाही.

गाडी एकसारख्या वेगात थरथरत असेल, तर त्याची परीक्षा आणखी सोपी. टॉप गिअरमध्ये ताशी ७०-८० ला, अ‍ॅक्सिलरेटर तसाच ठेवून डाव्या पायाने ब्रेकच्या पेडलला नुसता स्पर्श करा, रस्ता रिकामा असेल तरच. ब्रेकचा दिवा लागला की लॉक-अप सुटतो. थरथर त्या क्षणी थांबली तर दोष लॉक-अपचा किंवा तेलाचा. तशीच राहिली तर स्पार्क प्लग आणि कॉइल बघा. इंजिनाच्या मिसफायरला गिअरबॉक्सचा दोष समजून बरेच पैसे वाया जातात. ‘डी’ टाकताच दणका बसतो त्यातही इंजिन माउंट फाटलेलं असण्याची शक्यता आधी बघावी.

काय जमत नाही? तेलाचा दाब हा डबा मोजत नाही, त्याला टेस्ट पोर्टवर गेज लावावा लागतो. सोलेनॉइड स्वतंत्रपणे चालवून बघणं आणि अ‍ॅडॅप्टेशन (गिअर बदलण्याबाबत टीसीयूने शिकून ठेवलेली मूल्यं) रीसेट करणं बहुतेक गाड्यांवर होत नाही, त्याला कंपनीचा किंवा महागडा वर्कशॉप स्कॅनर हवा. एटीएफचं तापमानही प्रोफाइल जुळलं तरच दिसतं.

स्कॅनरवर हजार खर्च करताना तेलासाठीही पैसे बाजूला ठेवा. हुंदाईला एसपी-३, होंडाला डीडब्ल्यू-१ (जुन्या झेड-१ च्या जागी), जुन्या चार-स्पीड स्विफ्ट डिझायरला ३३१७. ‘लाल तेल सगळं सारखंच’ असं दुकानदार म्हणाला तर दुसऱ्या दुकानात जा. एक लाख किलोमीटर तेलच न बदललेल्या गाडीला मशीनने फ्लश मारून घेऊ नका, तळाचा गाळ उठून व्हॉल्व्ह बॉडीच्या बारीक वाटांत जाऊन बसतो. ड्रेन काढून जेवढं निघालं तेवढंच भरायचं, मापाच्या भांड्यात मोजून. एका वेळी ४० टक्के तेल बदललं, तर मध्ये थोडे दिवस गाडी चालवून तीनदा केल्यावर ७८ टक्के तेल नवं होतं. ड्रेन प्लगच्या चुंबकावर राखाडी पेस्ट चालते, चमकणारे कपचे नाहीत.

जुनी ऑटोमॅटिक विकत घेताना हा डबा खिशात असावाच. कोड पुसल्यानंतर गाडी किती किलोमीटर चालली हे ओबीडी-२ गाडीत पुष्कळदा वाचता येतं. व्यवहाराच्या दिवशी तो आकडा ‘६ किलोमीटर’ असेल, तर विक्रेत्याने सकाळीच कोड पुसले आहेत. रेडिनेस मॉनिटर (कोड पुसल्यावर गाडी स्वतःच्या चाचण्या पुन्हा पूर्ण झाल्या का हे दाखवते ती नोंद) ‘अपूर्ण’ दिसले तरी तोच संशय. गाडी तासभर चालवून, घाट जवळ असेल तर एकदा चढवून, पुन्हा कोड वाचा.

काम झालं की डबा सॉकेटमधून काढा. चावी बंद असली तरी त्या पिनेवर बॅटरी असते, आणि ४० मिलिअँपिअर खेचला तरी दिवसाला जवळजवळ एक अँपिअर-तास जातो. पंधरा दिवस गावी जाऊन आलात तर छोट्या गाडीच्या ३५ अँपिअर-तासांच्या जुन्या बॅटरीत स्टार्टर फिरवण्याइतका दम राहीलच असं नाही, आणि ऑटोमॅटिक गाडी ढकलून सुरू होत नाही.