ई-ज्ञानकोश: एमए राज्यशास्त्राची फुकट पुस्तकं

देवगड-गुहागरला बसून इग्नूचं (इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाचं) एमए राज्यशास्त्र करणाऱ्याला ई-ज्ञानकोश, म्हणजे इग्नूचा पुस्तकांचा ऑनलाइन साठा, पुरेसा आहे, अट एकच: इंग्रजी किंवा हिंदी वाचायची तयारी. मराठी माध्यम नाही. हिंदी घेतलं तर पहिला महिना शब्दांतच जातो. तिथली ‘विधायिका’ म्हणजे आपलं कायदेमंडळ, ‘संप्रभुता’ म्हणजे सार्वभौमत्व, आणि ‘राज्य’ हा शब्द बरेचदा राज्यसंस्थेसाठी येतो. वहीच्या मागच्या पानावर यादी करत चला.

पीडीएफ घटकवार उतरवाव्या लागतात आणि बऱ्याच फाइलींचं नाव नुसतं ‘युनिट-१’. लगेच विषयाचा क्रमांक आणि नाव घालून ‘००१ राजकीय सिद्धांत’, ‘००४ तुलनात्मक राजकारण’ असं बदला, नाहीतर मोबाइलमध्ये नुसता काला होतो.

स्वाध्यायाला (घरी लिहून द्यायच्या उत्तरांना) ३० टक्के, सत्रांत परीक्षेला ७० टक्के वजन. परीक्षेत पाच उत्तरं, प्रत्येकी सुमारे ५०० शब्द, पण प्रश्नपत्रिकेच्या दोन्ही विभागांतून किमान दोन. सोपे वाटले म्हणून एकाच विभागातले चार सोडवणारे इथेच फसतात.

छापायचं असेल तर पाठपोट, आणि स्पायरल प्लास्टिकचंच. तारेचं खाऱ्या हवेत गंजतं, श्रावणापर्यंत पानांना तांबडे डाग.