सेकंडहँड टायनी पीसी + प्रॉक्समॉक्स : घरच्या लॅबचा रिव्ह्यू, नाशिकवरून

मशीन आहे लेनोव्होचं थिंकसेंटर एम७२०क्यू टायनी, आय५-८४००टी प्रोसेसर, रिफर्बिश्ड, एमजी रोडवरून घेतलेलं. त्यावर प्रॉक्समॉक्स टाकलंय, म्हणजे एकाच मशीनवर अनेक आभासी मशीन (व्हीएम) चालवणारं सॉफ्टवेअर. मी सातपूरला एका कंपनीत आयटी सपोर्टला आहे, आरएचसीएसएची (रेड हॅट लिनक्सची परीक्षा) तयारी चालू आहे आणि सोबत विंडोज सर्व्हरचं थोडंफार. ऑफिसातल्या पोरांनी आणि क्लासमधल्या दोघी-तिघींनी काय घेतलंस, कितीला घेतलंस, चालतं का नीट असं इतकं विचारलं की म्हटलं एकदाच सविस्तर लिहून टाकावं.

निकाल आधीच सांगते. रेड हॅट किंवा ॲक्टिव्ह डिरेक्टरी (विंडोज सर्व्हरवरून कंपनीची खाती आणि मशीन सांभाळायची सोय) शिकायची असेल तर घ्या, पण डोळे उघडे ठेवून घ्या, का ते खाली येईलच. फक्त सीसीएनए (सिस्कोची नेटवर्किंगची परीक्षा) करायचं असेल तर एक रुपया घालवू नका. पॅकेट ट्रेसर हा नेटवर्कचा सिम्युलेटर फुकट आहे, सिस्कोच्या नेटवर्किंग अकॅडमीत नाव नोंदवलं की मिळतं, साध्या लॅपटॉपवर चालतं आणि सीसीएनएच्या अभ्यासापुरतं त्यात जवळपास सगळं होतं. क्लासवाले "घरी रॅक लावा, जुने राउटर घ्या" म्हणतात तेव्हा ते राउटर कोण विकतंय ते बघा आधी.

आता लॅपटॉपवरच का नाही, हा पहिला प्रश्न सगळे विचारतात. चालतं की. व्हर्च्युअलबॉक्स आहे, आणि व्हीएमवेअर वर्कस्टेशन प्रो तर २०२४ पासून फुकट झालंय. पण माझ्या लॅपटॉपला ८ जीबी रॅम, त्यातली अर्धी विंडोज आणि ब्राउझर खातात, उरलेल्यात एक रेड हॅट कसंबसं उभं राहतं आणि दुसरं चालू केलं की पंखा असा घोंघावतो की आई विचारते मिक्सर कोणी लावला. शिवाय लॅपटॉप झाकला की लॅब झोपली. रात्री अर्धवट सोडलेलं काम सकाळी जसंच्या तसं सापडणं ही या छोट्या डब्याची खरी किंमत आहे.

क्लाउडवर करा असंही सांगतात. पण आरएचसीएसएमध्ये रूटचा पासवर्ड विसरला तर बूट मध्येच थांबवून तो बदलायचा, हे हाताला बसलेलं पाहिजे. त्यासाठी मशीन चालू होतानाची स्क्रीन समोर लागते, ग्रबमध्ये (लिनक्स सुरू होण्याआधीचा मेनू) शिरता आलं पाहिजे, आणि क्लाउडवर एसएसएचने, म्हणजे नेटवरून, आत शिरायची सवय झाली की नेमकं हेच राहून जातं. परत तिथे मशीन बंद करायची विसरलात की बिल येतं ते वेगळंच. घरच्या लॅबमध्ये कन्सोल ब्राउझरमध्येच दिसतो, दहा वेळा पासवर्ड उडवा, दहा वेळा परत मिळवा, कोण विचारतंय.

तिसरा पर्याय म्हणजे भंगारातला रॅक सर्व्हर. माझ्या एका सहकाऱ्याला फार हौस होती, स्वस्तात मिळतो म्हणून. मी हिशोब मांडून दाखवला. असा जुना सर्व्हर नुसता बसून १५० वॅट घेत असेल तर चोवीस तास चालवून महिन्याला १०८ युनिट होतात. महावितरणचा पहिला टप्पा १०० युनिटला संपतो, म्हणजे तुमचा टीव्ही-फ्रिज सगळा वरच्या दरात. टायनीचा प्रोसेसर ३५ वॅटवाला, आणि व्हीएम नुसत्या पडून असतात तेव्हा सगळं मिळून २० वॅट धरलं तरी महिन्याला साडेचौदा युनिटच्या आत. बिलात फरक पडलाय हे पप्पांच्या अजून लक्षात आलेलं नाही, आणि हा माझ्या मते सगळ्यात मोठा पुरावा आहे.

मशीनबद्दल. आकार साधारण १८ सेंटीमीटर चौकोनी आणि साडेतीन सेंटीमीटर जाड, पुस्तकांच्या रांगेत उभा राहतो. आत सहा कोर आहेत, सहाच थ्रेड, हायपरथ्रेडिंग नाही. हे ऐकून कमी वाटतं पण लॅबसाठी प्रोसेसर कधीच अडत नाही, कारण बहुतेक व्हीएम बहुतेक वेळ काहीच करत नसतात. सहा कोरवर दहा-बारा कोर वाटून दिले तरी कुरकुर नाही. रॅमचं तसं नाही. रॅम दिली की गेली. प्रॉक्समॉक्सला स्वतःला दोनेक जीबी धरा, दोन रेड हॅट प्रत्येकी २, विंडोज सर्व्हर ४, त्याला जोडायला विंडोज ११ चा क्लायंट ४, झाले १४. म्हणजे १६ मध्ये कसंबसं बसतं आणि ३२ मध्ये ऐसपैस. म्हणून दुकानदार आय७ दाखवून पाच हजार जास्त मागत असेल तर तेच पैसे रॅममध्ये घाला. दोन स्लॉट आहेत, डीडीआर४, लॅपटॉपला लागते तीच छोटी पट्टी. फक्त २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव असे भडकलेत की जुनी रॅमसुद्धा सोन्यासारखी विकतात, त्यामुळे शक्यतो जास्त रॅम असलेलंच मशीन शोधा, नंतर टाकू म्हणून सोडू नका.

आता डोळे उघडे ठेवून म्हणजे काय. दुकानाचं नाव घेत नाही कारण माणूस वाईट नव्हता, पण "मॅडम एकदम नवीन एसएसडी टाकलीय" म्हणून दिलेली एसएसडी मी तिथेच उभं राहून क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये (डिस्क किती वापरलीय ते दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडली तर आधीच काही हजार तास चाललेली. मग "अहो दादा, नवीन म्हणजे नक्की किती नवीन" वगैरे झालं, त्याने आधी तेच बरोबर आहे म्हणून बघितलं, मग दुसरी काढून दिली, ती खरंच नवी निघाली. ही मशीनं बहुतेक कंपन्यांच्या लीजवरून परत आलेली असतात, त्यामुळे अजून एक गोष्ट दुकानातच करा, चालू करताना एफ१ दाबून बायोसमध्ये जा. तिथे पासवर्ड मागितला तर सरळ परत द्या, कारण कंपनीने लावलेला सुपरवायझर पासवर्ड कोणालाच माहीत नसतो आणि तो काढणं सोपं नाही. आत गेल्यावर इंटेलचं व्हर्च्युअलायझेशन चालू करता येतंय ना ते बघा, नाहीतर हा सगळा खटाटोप कशासाठी. ॲडॉप्टर ओरिजिनलच मागा, लेनोव्होची पिवळ्या टोकाची चौकोनी पिन असते, लोकल ॲडॉप्टरवर मशीन सुस्त पडतं अशी तक्रार बऱ्याच जणांची आहे. मशीन वीस हजारांच्या आत बसलं, वाढीव रॅम वेगळी. वॉरंटी दुकानदाराच्या शब्दावर, म्हणजे समजून घ्या.

बसवणं अर्ध्या-पाऊण तासाचं काम. पेनड्राइव्हवरून प्रॉक्समॉक्स टाकायचं, तेवढ्यापुरती स्क्रीन लागते, मी हॉलमधल्या टीव्हीला एचडीएमआय लावून केलं. नंतर स्क्रीन-कीबोर्ड काही नको, लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये मशीनचा पत्ता आणि ८००६ पोर्ट टाकला की सगळं समोर. आत डेबियन लिनक्स आहे आणि व्हीएम लिनक्सच्याच केव्हीएम या सोयीवर चालतात, म्हणजे लॅब सांभाळता सांभाळता लिनक्सचाही सराव होतो, हा बोनस. फुकट आहे, पण दर वेळी लॉगिन केलं की सबस्क्रिप्शन नाही अशी खिडकी उघडते, ओके दाबा आणि पुढे जा, दोन दिवसांत डोळ्यांना दिसेनाशी होते. अपडेट करताना एरर आला तर घाबरू नका, सुरुवातीला ते पैसेवाल्या रिपॉझिटरीकडे बघत असतं, ते बदलून नो-सबस्क्रिप्शन केलं की झालं. डिस्क मांडायला झेडएफएस ही पद्धत निवडायचा मोह होतो, व्हिडिओत सगळे तेच करतात, पण एकच साधी एसएसडी असेल तर मी तरी म्हणेन साधं एलव्हीएम (लिनक्सची डिस्कची जागा वाटायची पद्धत) ठेवा, झेडएफएस रॅम पण मागतं आणि साध्या एसएसडीची झीज पण जास्त करतं.

वायफायवर लॅब करायचं मनात आणू नका. प्रॉक्समॉक्सचा ब्रिज, म्हणजे व्हीएमना नेटवर्कला जोडणारा आभासी स्विच, वायफायवर नीट चालत नाही, एका वायफाय कार्डामागून वेगवेगळ्या मॅक ॲड्रेसचा (नेटवर्क कार्डाचा ओळख क्रमांक) डेटा आला की राउटर तो घेत नाही. आमचा राउटर हॉलमध्ये आणि मी आतल्या खोलीत, त्यामुळे दाराच्या चौकटीवरून केबल गेलीय. घरातल्यांनी नाक मुरडलं, मग सवय झाली.

आणि एक गोष्ट फार महत्त्वाची, ही कोणी सांगत नाही. डीएचसीपीचा (नेटवर्कवरच्या मशीनना आपोआप आयपी पत्ते वाटणारी सेवा) सराव करायचा असेल तर आधी प्रॉक्समॉक्समध्ये दुसरा ब्रिज बनवा ज्याला कुठलाही खरा पोर्ट जोडलेला नाही, आणि लॅबच्या मशीन त्यावर ठेवा. नाहीतर तुमचा लिनक्सवरचा डीएचसीपी सर्व्हर घरातल्या मोबाईल-टीव्हीला पण पत्ते वाटायला लागेल आणि ऐन सिरियलच्या वेळी नेट गेलं की लॅबचं काय होईल ते तुम्हाला माहीतच आहे.

रेड हॅटची मूळ प्रत कुठून आणायची हे पण विचारतात, क्रॅक वगैरे शोधत असतात लोक. अरे कशाला. रेड हॅटचं वैयक्तिक डेव्हलपर सबस्क्रिप्शन फुकट आहे, १६ मशीनपर्यंत चालतं, खातं उघडा आणि उतरवा. विंडोज सर्व्हरची इव्हॅल्युएशन मायक्रोसॉफ्टच्या साइटवर १८० दिवसांची मिळते, सर्टिफिकेशनच्या तयारीला तेवढे दिवस पुरायला हवेत. विंडोज टाकताना डिस्कच दिसत नाही असं होतं, तेव्हा मशीन बिघडलं म्हणून बसू नका, व्हर्टआयओ ड्रायव्हरची (आभासी डिस्क ओळखायला लागणारा) वेगळी आयएसओ जोडायची आणि इन्स्टॉलरला तिथून ड्रायव्हर दाखवायचा. विंडोज ११ ला टीपीएम ही सुरक्षा चिप लागते तीही प्रॉक्समॉक्स खोटं खोटं बनवून देतं.

अभ्यासात प्रत्यक्ष काय फरक पडला म्हणाल तर स्नॅपशॉट, म्हणजे व्हीएमची त्या क्षणाची स्थिती जपून ठेवायची आणि हवं तेव्हा तिथे परत जायचं. आरएचसीएसएमध्ये प्रश्न सोडवून चालत नाही, मशीन रीबूट केल्यावर पण ते टिकलं पाहिजे, तपासतात ते रीबूटनंतरच. त्यामुळे माझी पद्धत अशी की कोऱ्या मशीनचा एक स्नॅपशॉट, मग डिस्क जोडायची, एलव्हीएम वाढवायचं, एफएसटॅबमध्ये (बूट होताना कुठली डिस्क जोडायची त्याची फाइल) ओळ घालायची, रीबूट. उठलं तर ठीक. नाही उठलं तर आधी इमर्जन्सी मोडमध्ये जाऊन दुरुस्त करायचा प्रयत्न, आणि मग परत कोऱ्यावर जाऊन पहिल्यापासून तेच. एसईलिनक्सचं (लिनक्सची सुरक्षेची कडक नियमावली) पण तसंच, वेबसर्व्हरचा पोर्ट बदला, तो चालू होणार नाही, मग लॉग वाचून का ते शोधा. पुस्तकात हे एका परिच्छेदात संपतं, इथे संध्याकाळ जाते, पण परत विसरत नाही. नवीन डिस्क जोडायला चार क्लिक लागतात, हवी तितकी जोडा.

लाईटचं. आमच्याकडे सिडकोत देखभाल-दुरुस्तीच्या नावाखाली जातेच, पावसाळ्याच्या तोंडावर तर विचारूच नका. इन्व्हर्टर आहे पण लाईट जाऊन इन्व्हर्टर येईपर्यंतच्या क्षणात मशीन रीबूट होऊ शकतं, म्हणून एक साधा ६०० व्हीएचा यूपीएस मध्ये लावलाय, एवढ्याशा लोडला तो भरपूर होतो. बायोसमध्ये वीज परत आल्यावर आपोआप चालू हो असं सेटिंग आहे ते करून ठेवा, आणि हव्या त्या व्हीएमला स्टार्ट ॲट बूट. ऑफिसातून जेवणाच्या सुट्टीत लॅब बघायची तर आमचा लोकल ब्रॉडबँडवाला बाहेरून थेट पोचता येईल असा खरा आयपी देत नाही, म्हणून टेलस्केल (आपल्या मशीनना जोडणारा खासगी व्हीपीएन) टाकलं, फुकट आहे, पोर्ट उघडायची भानगड नाही.

न आवडलेलं पण सांगते. एकच लॅन पोर्ट. पीसीआयई स्लॉट आहे, रायझर लावून जास्त पोर्टचं कार्ड बसतं, पण मग अडीच इंची डिस्कची जागा जाते आणि एम.२ चा स्लॉट तर एकच. दूरून बायोस बघायची सोय या मॉडेलमध्ये नाही, ती हवी असेल तर थोडे जास्त देऊन व्हीप्रोवालं (दूरून मशीन सांभाळायची इंटेलची सोय) एम९२०क्यू बघा. पंखा एरवी ऐकू येत नाही पण चार व्हीएम एकदम अपडेटला लावल्या की येतो, आणि मे महिन्याच्या दुपारी तर येतोच. इव्ह-एनजी (नेटवर्कची लॅब उभारणारं सॉफ्टवेअर) टाकून मोठी टोपोलॉजी चालवायची असेल, सीसीएनपी (सीसीएनएच्या पुढची परीक्षा) वगैरे, तर नेस्टेड व्हर्च्युअलायझेशनवर, म्हणजे व्हीएमच्या आत व्हीएम, चालतं खरं, पण सिस्कोचे जड राउटर एकेक ४ जीबी मागतात, तिथे ३२ पण कमी पडेल. छोट्या प्रयोगाला सिस्को मॉडेलिंग लॅब्जची पाच नोडवाली फुकट आवृत्ती आहे, आधी ती बघा.

एकाच पोर्टवरून व्हीलॅन (एकाच नेटवर्कचे वेगळे भाग पाडणं) शिकायला आता मॅनेज्ड स्विच लागणार आहे. सातपूर-अंबडकडे कोणाच्या कंपनीत जुना आठ पोर्टचा पडून असेल आणि भंगारात जाणार असेल तर सांगा, मी येऊन घेऊन जाईन.