उणे ३० अंशांत डिझेल इंजिन: ब्लॉक हीटरसोबतचा एक पूर्ण हिवाळा

गाडी रॅम २५००, इंजिन कमिन्सचे ६.७ लिटरचे, घर कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतातल्या एडमंटनला आणि काम निस्कूच्या औद्योगिक वसाहतीत वेल्डिंगचे. त्यामुळे सकाळी सव्वासहाला गाडी निघालीच पाहिजे. २०२३ च्या उन्हाळ्यात ही गाडी मी जुनी घेतली आणि ऑक्टोबरच्या अखेरीपासून एप्रिलपर्यंत तिचा ब्लॉक हीटर, म्हणजे सुरू करण्याआधी इंजिन विजेवर तापवणारे उपकरण, वापरला. माझ्याकडे बंदिस्त गॅरेज नाही, गाडी रात्रभर उघड्यावर असते. कॅनडात नव्याने आलेले ओळखीचे मराठी लोक हीटरबद्दल विचारतात तेव्हा त्यांचा प्रश्न बहुधा एवढाच असतो की, सकाळी गाडी सुरू होते ना? होते. पण इंजिन सुरू होणे आणि इंजिन तापणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि या सहा महिन्यांत मला जे कळले ते बहुतेक या दोहोंमधल्या अंतराबद्दलचे आहे.

माझे बालपण निफाडजवळच्या गावात गेले. तिथे पारा ४-५ अंशांवर आला की वर्तमानपत्रात बातमी येते आणि द्राक्षबागेत पहाटे शेकोट्या पेटतात. आमचा ट्रॅक्टर अशा दिवसांत कुरकुर करायचा. संध्याकाळीच तो उताराला लावून ठेवायचा, म्हणजे बॅटरीने दगा दिला तरी ढकलून सुरू करता येतो, आणि सकाळी चावी हीटरवर धरून मनातल्या मनात वीसपर्यंत मोजायचे. ‘‘घाई करू नको, आधी हीटर धर, मग सेल्फ मार,’’ हे अण्णांचे वाक्य मला आजही तसेच ऐकू येते. तत्त्व इथेही तेच आहे, फक्त पारा तीस-पस्तीस अंशांनी आणखी खाली गेलेला असतो.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दट्ट्या हवा दाबतो, त्या दाबाने हवा तापते आणि तिच्यात फवारलेले डिझेल पेट घेते. इंजिनचे लोखंड गोठलेले असले की दाबलेल्या हवेतली उष्णता ते शोषून घेते आणि डिझेल पेटायला लागणारे तापमान गाठले जात नाही. त्याच वेळी ऑइल काकवीसारखे घट्ट झालेले असते, म्हणून इंजिन फिरवायला जास्त जोर लागतो. आणि नेमका तेव्हाच बॅटरीचा जोर ओसरलेला असतो, कारण उणे १८ अंशांच्या आसपास बॅटरी आपल्या ताकदीच्या साधारण निम्मीच उरते. तिन्ही अडचणी एकाच क्षणी समोर येतात. म्हणून या गाडीला दोन बॅटऱ्या आहेत, आणि म्हणूनच या इंजिनात प्रत्येक सिलिंडरला ग्लो प्लग (विजेने तापणारी कांडी) देण्याऐवजी आत येणारी हवा तापवणारी जाळी बसवलेली आहे. चावी फिरवल्यावर थांबण्याची सूचना देणारा दिवा लागतो. तो विझेपर्यंत सेल्फ मारायचा नाही. इंजिन सुरू झाल्यावरही ही जाळी काही वेळ चालू-बंद होत राहते आणि तेवढ्यापुरते हेडलाइट मंदावतात, व्होल्टमीटरचा काटा खाली येतो. पहिल्यांदा हे पाहून मला अल्टरनेटर गेल्यासारखे वाटले होते. नव्या मालकांनी घाबरू नये म्हणून मुद्दाम लिहीत आहे.

ब्लॉक हीटर मात्र या सगळ्याच्या आधीचे काम करतो. हा ७५० वॉटचा एक कॉइल आहे, तो इंजिनच्या ब्लॉकमध्ये, म्हणजे मुख्य लोखंडी धडात, कुलंटमध्ये (इंजिन थंड राखणाऱ्या द्रवात) बुडालेला असतो आणि घरातल्या १२० व्होल्टच्या विजेवर चालतो. तापलेले कुलंट हलके होऊन वर सरकते, गार कुलंट त्याच्या जागी येते आणि अशा रीतीने हळूहळू सगळा ब्लॉक ऊब धरतो. इथे हिवाळ्यात बहुतेक गाड्यांच्या समोरच्या जाळीतून वायरचे एक टोक लोंबत असते. आमच्याकडच्या माणसाला ती बैलाची वेसणच वाटेल. हीटर लावून ठेवण्याची वेळ तीन ते चार तासांची पुरेशी असते, त्याहून जास्त ठेवून सहसा काही हाती लागत नाही, कारण एका मर्यादेनंतर जेवढी उष्णता आत जाते तेवढीच बाहेरची थंडी ओढून घेते. मी बाहेर वापरायचा टायमर घेऊन तो पहाटे दोनला चालू होईल असा लावला. एका रात्रीला तीन-सव्वातीन युनिटे वीज जाते. उणे २८ अंशांच्या सकाळी, चार तास हीटर चालल्यावर, कुलंटचे तापमान अधिक १५ च्या आसपास दिसायचे आणि इंजिन पहिल्याच प्रयत्नात, निफाडच्या सकाळी सुरू व्हावे तसे सुरू व्हायचे.

हे सगळे जानेवारीनंतरचे. त्याआधी दोन महिने माझा हीटर बंदच होता आणि मला त्याचा पत्ता नव्हता. हिवाळ्यापूर्वी मी गाडी एका गॅरेजमध्ये तपासायला दिली होती आणि तिथून वायर ठीक असल्याचे सांगण्यात आले होते. तो डिसेंबर इथल्या मानाने फारच उबदार गेला. उणे आठ-दहाला गाडी कशीही सुरू होत होती, आणि मी रोज रात्री इमानेइतबारे पिन लावून त्याचे श्रेय हीटरला देत होतो. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात थंडी अचानक कोसळली. उणे ३१ अंशांच्या सकाळी मी सेल्फ मारला तेव्हा इंजिन जेमतेम दोन-तीन वेढे फिरले, तेही इतके संथ की प्रत्येक सिलिंडरची धडपड वेगळी मोजता आली असती. तिसऱ्या प्रयत्नात ते कसेबसे धरले, पांढऱ्या धुराने सगळा रस्ता भरला आणि इंजिनचा खडखडाट ऐकून माझ्या पोटात गोळा आला. बंद करावे तर पुन्हा सुरू होईल याची खात्री नव्हती.

शेजारी निवृत्त ट्रकचालक आहेत, मूळचे जालंधरकडचे. त्यांनी मला पहिली गोष्ट विचारली ती ही की, पिन लावल्यावर इंजिनपाशी कान नेऊन कधी ऐकले आहेस का? चालू हीटरचा आवाज येतो. चहाचे आधण ठेवल्यावर पाणी उकळण्याच्या बरेच आधी भांड्याच्या तळातून जो बारीक सुरसुर आवाज निघतो, अगदी तसा. माझ्या गाडीतून काहीही ऐकू आले नाही. मग मल्टिमीटर लावला. ७५० वॉटचा हीटर १२० व्होल्टवर म्हणजे पिनेच्या दोन टोकांत सुमारे १९ ओहम रोध दिसायला हवा. मीटरने जोडणी तुटल्याचे दाखवले. खाली वाकून पाहिले तर वायर ब्लॉकला जिथे जोडली जाते तिथला जोड बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकलेल्या मिठाने हिरवा पडून, मग तापून वितळला होता. कॉइल स्वतः शाबूत होता. नवी वायर आणली, टोके घासून स्वच्छ केली, जोडावर ओलावा रोखणारे डायइलेक्ट्रिक ग्रीस भरले आणि शुक्रवारी रात्री तो सुरसुर आवाज मी पहिल्यांदा ऐकला. त्या आवाजाने किती बरे वाटले हे सांगता येणार नाही. तेव्हापासून दर रविवारी मी मीटर लावतो. एका मिनिटाचे काम आहे.

दुसऱ्याच दिवशी, शनिवारी, १३ जानेवारी २०२४ ला, संध्याकाळी पावणेसातच्या सुमारास सगळ्यांच्या फोनवर एकाच वेळी आणीबाणीचा इशारा वाजला. पारा उणे ४० च्या खाली गेला होता, अल्बर्टाच्या वीजजाळ्यावर कमालीचा ताण आला होता आणि आळीपाळीने वीज तोडावी लागण्याचा धोका होता. लोकांनी अनावश्यक वीज बंद करावी, विजेवरच्या गाड्या चार्ज करणे आणि ब्लॉक हीटर लावणे पुढे ढकलावे, असे त्या संदेशात स्पष्ट लिहिले होते. लोकांनी ऐकले, काही मिनिटांतच मागणी सुमारे २०० मेगावॉटने उतरली. घरी आल्याबरोबर पिन खुपसून ठेवायची सवय इथे अनेकांना आहे, आणि ती संध्याकाळच्या ऐन मागणीच्या वेळेत विनाकारण वीज खाते. टायमर ही केवळ बिल वाचवण्याची गोष्ट नाही हे मला त्या रात्री पटले. उणे ४० ला मात्र चार तास पुरत नाहीत हेही खरे. त्या दोन-तीन रात्री मी टायमर मध्यरात्रीचा ठेवला.

आता तापण्याबद्दल. हीटर कुलंट तापवतो, तळाच्या टाकीतले साडेअकरा लिटर ऑइल नव्हे. इंजिन सहज सुरू झाले म्हणजे ते तयार झाले असे समजून लगेच ॲक्सिलरेटर दाबणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. उलट, अर्धा-पाऊण तास गाडी जागेवर चालू ठेवणे हीदेखील चूकच आहे, आणि ही चूक इथे फार जण करतात. डिझेल इंजिन बिनभाराचे असताना इतके थोडे इंधन जाळते की कडाक्याच्या थंडीत त्याची उष्णता हवेतच विरून जाते. मी एकदा उणे २५ ला वीस मिनिटे गाडी तशीच चालू ठेवून पाहिली. तापमानाचा काटा तळातून जेमतेम हलला. शिवाय अशा थंड, अर्धवट ज्वलनाने काजळी वाढते, ती धुराच्या फिल्टरमध्ये साचते आणि न जळलेले डिझेल सिलिंडरच्या भिंतींवरून ऑइलमध्ये उतरते. मी तीन ते पाच मिनिटे थांबतो, ऑइलचा दाब स्थिरावलेला पाहतो आणि पहिले सात-आठ किलोमीटर हलक्या पायाने, इंजिनला न ताणता जातो. थांबलेल्या गाडीत एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनच्या धुराची वाट अडवणारा ब्रेक) चालू ठेवला तर इंजिनवर थोडा भार येऊन ते लवकर ऊब धरते, हा उपाय मला खूप उपयोगी पडला. समोरच्या जाळीवर बसवायचे कापडी आवरणही घेतले. त्याने महामार्गावर काटा खाली घसरणे थांबले. ऑइल थंडीत कमी घट्ट होणारे ५डब्ल्यू-४० सिंथेटिकच घातले, कारण साधे १५डब्ल्यू-४० इथल्या जानेवारीसाठी नाही.

हीटर जे करू शकत नाही त्याचाही अनुभव आला. फेब्रुवारीच्या अखेरीस आम्ही व्हँकुव्हरजवळच्या सरेला गेलो होतो. समुद्राजवळचा तो प्रदेश बराच उबदार असतो आणि तिथल्या पंपांवर मिळणारे डिझेल तिथल्या हवेला साजेसे असते. परतताना टाकी तिथेच काठोकाठ भरली. एडमंटनला दोन दिवसांनी उणे २४ ला गाडी झकास सुरू झाली, चार मिनिटे चालली आणि मग जीव गेल्यासारखी बंद पडली. डिझेलमधले मेण थंडीत वेगळे होऊन त्याचे कण फिल्टरमध्ये अडकले होते. फिल्टर काढला तेव्हा त्यावर गोठलेल्या खोबरेल तेलासारखा थर होता. ब्लॉक गरम असून काय उपयोग, टाकी तर मोकळ्या हवेतच असते. नवा फिल्टर, गोठलेले डिझेल पुन्हा पातळ करणारे द्रव्य आणि अर्धा दिवस ओळखीच्यांच्या शेडमध्ये गाडी उभी करणे, एवढे सगळे झाल्यावर ती पुन्हा धावली. मेण धरू न देणारे द्रव्य डिझेल अजून पातळ असतानाच टाकीत घालायचे असते. मेण धरल्यावर त्याचा काही उपयोग होत नाही. आता लांबच्या प्रवासात उबदार भागात मी गरजेपुरतेच भरतो आणि अल्बर्टात आल्यावर टाकी पूर्ण करतो.

किरकोळ तक्रारी आहेत. पिनेचे झाकण थंडीत कडक होऊन पहिल्याच महिन्यात तुटले. एक्स्टेंशन वायर जाड, निदान १४ गेजची आणि बाहेर वापरायचीच हवी. घरातली साधी वायर सव्वासहा अँपिअर चार तास सोसताना तापते, आणि थंडीत तिचे प्लास्टिक तडकते ते वेगळेच. पिन काढायला विसरू नये म्हणून मी टायमरची चिठ्ठी स्टिअरिंगला अडकवतो.

एप्रिलमध्ये वायर धुऊन, जोडावर पुन्हा ग्रीस भरून, टोक जाळीच्या आत बांधून ठेवले. पुढच्या ऑक्टोबरपूर्वी ऑइलच्या टाकीला बाहेरून चिकटवायचा सिलिकॉनचा हीटर बसवून घेणार आहे, कारण सुरुवातीच्या त्या सात-आठ किलोमीटरांत ऑइल थंडच असते आणि तिथे ब्लॉक हीटरचा हात पोहोचत नाही.