ई ४३ एच १५ : आठ महिने वापरलेल्या टोपोशीटचा अनुभव

मुलगी आयसीएसईत, दहावीला. भूगोलाच्या पेपरात पहिला प्रश्न सक्तीचा आणि तो टोपोशीटवरचा, म्हणजे आमच्या वेळच्या भाषेत स्थलनिर्देशक (डोंगर, पाणी, रस्ते, वस्ती सगळं दाखवणाऱ्या) नकाशावरचा. असा नकाशा ठरावीक तुकड्यांत छापतात, त्यातला एक तुकडा म्हणजे एक पत्रक. परीक्षेला पत्रकं दोनच : जी ४३ एस ७ आणि जी ४३ एस १०. जुन्या क्रमांकाने ४५ डी/७ आणि ४५ डी/१०. एक गुजरातेतल्या बनासकांठ्याकडचं, दुसरं राजस्थानात सिरोही जिल्ह्यातलं, अबूच्या बाजूचं. पुण्यात धनकवडीत वाढलेल्या पोरीने तिथली कोरडी नदी नकाशावर ओळखायची. तिने आयुष्यात ओढा म्हणून बघितलाय तो आंबिल ओढा, आणि तो मे महिन्यातही कोरडा नसतो. त्यात काय वाहतं ते इथे लिहीत नाही.

जूनमध्ये तिचे सराव पेपर बघितले. उत्तरं बरोबर होती, पण एकही वाक्य तिचं नव्हतं. ‘पिवळा रंग आहे, म्हणून मुख्य व्यवसाय शेती.’ ‘रस्त्यावर फरशी पूल आहे, म्हणून ओढा हंगामी.’ पिवळा रंग नक्की कुठे आहे विचारलं, तर बोट नकाशावर गोलगोल फिरायला लागलं. तेव्हा ठरवलं की परीक्षेची पत्रकं काही दिवस बाजूला ठेवायची आणि आधी आपल्या घराचं पत्रक वाचायचं. ते म्हणजे ई ४३ एच १५, जुन्या क्रमांकाने ४७ एफ/१५. जून ते फेब्रुवारी हे पत्रक आमच्या जेवणाच्या टेबलावर होतं. त्यावर पडलेला आमटीचा डाग आता एखाद्या तळ्यासारखा दिसतो.

मिळवायचं कसं, ते थोडक्यात. हे सरकारी नकाशे काढणाऱ्या सर्व्हे ऑफ इंडियाच्या पोर्टलवर खातं उघडून १:५०,००० चं पत्रक पीडीएफमध्ये उतरवून घेता येतं. ही फुकट सोय २०१७ पासूनची. त्याआधी ही पत्रकं विकत घ्यायला लागायची आणि ओळखीतले ट्रेकवाले जुन्या शीट पोथीसारख्या कापडात गुंडाळून ठेवायचे.

क्रमांकाचा उलगडा मात्र सावकाश करावा, कारण आम्हाला पहिली मजा तिथेच आली. जुन्या पद्धतीत ४७ म्हणजे चार अंश बाय चार अंशांचा तुकडा, १६ ते २० उत्तर अक्षांश आणि ७२ ते ७६ पूर्व रेखांश. त्याचे ए ते पी असे सोळा भाग, प्रत्येक एक अंशाचा. त्यातला एफ घेतला की त्याचे परत सोळा, पंधरा मिनिटं बाय पंधरा मिनिटांचे. मोजायचं ते वरून खाली, मग शेजारच्या रांगेत वरून खाली. एवढं कळल्यावर मुलीने स्वतःच शोधून काढलं की पुणे शहराचा बराचसा भाग १४ मध्ये जातो, आपण १५ मध्ये, आणि आजोळचं सासवड चौऱ्याहत्तर रेखांशाच्या जरा पलीकडे असल्यामुळे ४७ जे/३ मध्ये. पुरंदर किल्ला आपल्या पत्रकावर, त्याच्या पायथ्याच्या बाजूचं सासवड दुसऱ्याच! तिला हे फार अन्यायाचं वाटलं. सिंहगडाचीही तीच गत. तो पत्रकाच्या डाव्या कडेला इतका चिकटलेला आहे की पश्चिमेचा उतार बघायला शेजारचं ११ नंबरचं पत्रक काढायला लागतं. पत्रकं अंश-मिनिटांवर कापतात, गाव-किल्ले बघून नाही, हे पुस्तकात वाचून कधी लक्षात राहिलं नसतं.

आता तक्रारीचा मुद्दा, आणि ही चूक आमच्याच हातून झाली. पहिल्यांदा कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे ए-थ्रीवर प्रिंट काढली. मुलीने पट्टी घेतली, खेड शिवापूरपासून कात्रजपर्यंतचं अंतर मोजलं, दोन सेंटिमीटरला एक किलोमीटर धरून हिशेब केला आणि म्हणाली, “बाबा, हे तर चालत जाण्याएवढं आहे.” रोज त्या रस्त्याने कामाला जाणारा मी. अंतर जवळपास निम्म्यावर आलं होतं. मग नकाशाच्या खाली छापलेली, किलोमीटरच्या खुणांची रेषाप्रमाणाची पट्टी मोजली. चार किलोमीटरची लांबी आठ सेंटिमीटर भरायला हवी होती, ती साडेचारच्या आसपास भरली. मशीनने पूर्ण शीट कागदात बसवण्यासाठी आकसवली होती. वर छापलेलं १:५०,००० मात्र जसंच्या तसं, धडधडीत खोटं बोलत होतं.

पण या फजितीतून एक धडा आयता मिळाला. संख्याप्रमाण (१:५०,००० असा आकडा) आणि रेषाप्रमाण यांतला फरक मी शाळेत घोकला होता : नकाशा लहान-मोठा केला तर संख्याप्रमाण चुकतं, रेषाप्रमाण टिकतं. का, हे कुणी दाखवलं नव्हतं. इथे पट्टी नकाशाबरोबरच आकसली, म्हणून तीच खरी राहिली. मुलीने कागदाच्या कपट्यावर ती पट्टी उतरवून घेतली, कपटा रस्त्यावर वळणावळणाने सरकवत नेला आणि उत्तर बरोबर आलं. नंतर आर्किटेक्ट लोक जिथे प्लॉट काढतात तिथून ए-वन कागदावर खऱ्या मापाची रंगीत प्रत काढली. तुम्ही काढाल तेव्हा ‘फिट टू पेज’ बंद आहे ना, एवढं दुकानदाराला दोनदा विचारा. आणि काळी-पांढरी झेरॉक्स तर अजिबात नको. तपकिरी समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या), निळं पाणी, लाल रस्ता सगळं एकाच काळ्या गुंत्यात जातं. मुलीला वर्गात मिळालेल्या प्रती नेमक्या तशाच होत्या. तिला नकाशा येत नव्हता की दिसत नव्हता, हे मला आजही सांगता येणार नाही.

समोच्च रेषांवर आमचे दोन महिने गेले. या पत्रकावर दर वीस मीटरला एक रेषा, आणि दर पाचवी जाड. सोंड (डोंगराचा बाहेर आलेला कणा) आणि दरी या दोघींत मुलगी हटकून गडबडायची, कारण दोन्हीकडे रेषा व्ही आकारात वळतात. शेवटी बादलीत एक वेडावाकडा दगड ठेवला. एक तांब्या पाणी ओतायचं, पाण्याच्या कडेने दगडावर खडूने रेघ मारायची, परत एक तांब्या. बाथरूमचा चिखल झाला, बायकोने दोघांनाही बाहेर काढलं, पण पाच रेघांचा दगड हातात आला. खाचेत पाणी आत शिरतं, म्हणून तिथे रेघेचं टोक उंचीकडे वळतं. बाहेर आलेल्या कण्यापाशी रेघ त्याला वळसा घालून जाते, म्हणून तिथे टोक उताराकडे. तेव्हापासून ती आधी दोन रेषांवरचे आकडे शोधते आणि मगच सोंड की दरी ते बोलते.

मग ऑगस्टमध्ये पत्रक घेऊन सिंहगड. आतकरवाडीपासून माथा नकाशावर पट्टीने चार सेंटिमीटरच्या आत, म्हणजे सरळ रेषेत दोन किलोमीटरही नाही. “एवढंच?” आता मधल्या रेषा मोज म्हटलं. पंचविसावर गेल्या. म्हणजे पाचशे मीटरच्या वर चढ, आणि माथा १३१२ मीटरवर. रेषा जिथे दाटल्या होत्या तिथे तिचा श्वासही दाटला, आणि जिथे दोन रेषांत जरा फट दिसत होती तिथे खरोखरच सपाटी आली, एक ताकवाली मावशी बसलेली होती. मुलीने नकाशावर त्या जागी पेन्सिलीने ‘ताक’ लिहिलं. सूचीत हे सांकेतिक चिन्ह नाही.

नकाशाची मर्यादाही याच वाटेवर कळली. सह्याद्री म्हणजे बेसॉल्टचे थर एकावर एक रचलेले. मध्येच दहा-पंधरा मीटरचा उभा कातळटप्पा येतो. वीस मीटरच्या दोन रेषांमध्ये तो आरामात लपतो, आणि नकाशावर तिथे नुसता चढ दिसतो. कात्रज ते सिंहगड रात्री चालणारी मंडळी बारा-तेरा टेकड्या सांगतात. मुलीने नकाशावर बंद वर्तुळं मोजली तर दर वेळी कमीच भरल्या. कारण तेच : वीस मीटरहून बुटकी टेकडी दोन रेषांच्या मधल्या मध्ये राहून गेली तर तिला स्वतःचं वर्तुळ मिळतच नाही. चालणाऱ्याच्या गुडघ्यांना मात्र ती मिळते. तेव्हा ट्रेकसाठी हे पत्रक एकट्याने वापरायचा विचार असेल तर जपून. कुठे चढायचं ते हा नकाशा चांगला सांगतो, कुठे अडकाल ते सांगेलच असं नाही.

या आठ महिन्यांत सगळ्यात जास्त रमलो ते मात्र पाण्यात. कात्रजहून सिंहगडाकडे जाणारी जी धार आहे, तिच्या माथ्यावरून पेन्सिलीची एक रेघ ओढायची, एकही निळी किंवा काळी ओढ्याची रेषा न ओलांडता. हा झाला जलविभाजक. ऐकायला सोपं वाटतं, पण खिंडीपाशी हात थबकतो. रेघेच्या उत्तरेचं पाणी मुठेकडे. दक्षिणेचं शिवगंगेत, तिथून गुंजवणीत, तिथून नीरेत. मुठेचं पाणी पुण्यात मुळेला मिळून पुढे भीमेला जातं आणि नीराही शेवटी नरसिंहपूरला भीमेलाच मिळते. म्हणजे कात्रजच्या माथ्यावर वीतभर अंतरावर पडलेले दोन थेंब दोन खोऱ्यांतून फिरून एकाच नदीत. मुलीने यासाठी भिंतीवरचा महाराष्ट्राचा नकाशा उतरवला आणि दोन्ही वाटा बोटाने फिरवल्या. त्या दिवशी जेवायला उशीर झाला.

त्याच रेघेच्या उत्तरेला तिने कात्रजच्या उतारावरचे सगळे ओढे निळ्या पेनने गिरवले, तर ते सगळे तळ्याकडे गोळा होऊन आमच्याच दिशेने येताना दिसले. २०१९ च्या सप्टेंबरात आंबिल ओढ्याला पूर आला तेव्हा ती प्राथमिक शाळेत होती. आमच्या चौकातलं पाणी तिला आठवतं. “हे तर नकाशात आधीपासून होतं की,” ती म्हणाली. मी काही बोललो नाही.

आडवा छेद, म्हणजे डोंगर उभा कापल्यावर दिसेल तसं त्याचं बाजूचं चित्र, तिच्या अभ्यासक्रमात फारसा नाही. राज्य मंडळाच्या अकरावी-बारावीच्या प्रात्यक्षिकात मी तो काढला होता, म्हणून हौसेने बसवला. आडवं प्रमाण एक सेंटिमीटरला पाचशे मीटर. उभं आम्ही एक सेंटिमीटरला शंभर मीटर घेतलं. उंची पाचपट ताणली गेली आणि सिंहगड असा निघाला की त्यावर चढायला तानाजीला घोरपडही पुरली नसती.

सहा अंकी संदर्भांक, म्हणजे नकाशावरच्या चौकटीतली जागा आकड्यांत सांगणं, हा बराच काळ दुखरा भाग होता. आधी पूर्वेचे आकडे, मग उत्तरेचे, हे पाठ आहे. पण पूर्वेचे आकडे उभ्या रेषांना लिहिलेले असतात, आणि घाईत पोरांचं डोकं ‘उभी रेषा म्हणजे उत्तर’ असं म्हणतं. तिचे निम्मे गुण इथे जायचे. यावर नकाशाने काही मदत केली नाही. रोज सकाळी दूध येईपर्यंत पाच जागांचे संदर्भांक, एवढ्यानेच ते सुटलं.

नोव्हेंबरात परीक्षेची पत्रकं परत काढली. फरक लगेच दिसला. सिपू नदीचं रुंद पात्र, आत वाळूचे ठिपके, त्यातून जाणारी बारीक रेघ. “इथे नदी आपल्या मुठेपेक्षा रुंद आहे पण पाणी नाही, उतार पण नाही, रेषा केवढ्या लांब लांब आहेत,” असं ती आपणहून म्हणाली. सुकं तळं, विहिरींची गर्दी, बांध हे सगळं तिने एकत्र वाचलं : पाऊस कमी, म्हणून पाणी अडवायची धडपड. आधी हीच उत्तरं ती सुटी सुटी पाठ करत होती. वस्तीचे प्रकारही तसेच. केंद्रित, विखुरलेली, रेषीय हे शब्द तिला येत होते. खेड शिवापूरच्या हायवेला चिकटलेली घरं बघितल्यावर रेषीय म्हणजे काय ते वेगळं सांगावं लागलं नाही.

आणखी काही खटकलेल्या गोष्टी. सर्वेक्षण जुनं असल्याने आमची सोसायटी नकाशावर नाहीच, तिथे नुसता उतार आहे. लष्करी महत्त्वाचे तपशील या मालिकेत दाखवत नाहीत, त्यामुळे खडकवासल्याच्या बाजूला काही शोधत बसू नका. नव्या-जुन्या क्रमांकांचा घोळ कायम होतो. ट्रेकवाले ‘४७ एफ’ बोलतात, पोर्टल ‘ई ४३ एच’ बोलतं, आणि दोन्ही कागदाच्या मागे लिहून ठेवल्याशिवाय इलाज नाही. कागद चार घड्यांवर फाटतो. आम्ही मागून सुती कापड चिकटवलं. मोबाइलवरचा उपग्रह नकाशा आहे की, असं बरेच जण म्हणतात. तोही वापरला. त्यात छप्पर दिसतं, चढ दिसत नाही.

परीक्षा झाली. पत्रक आता तिच्या कपाटाच्या दाराला आतून लावलंय, सिंहगडाचा कोपरा चिकटपट्टीने जोडून. परवा आजोळी जायच्या आधी तिने ४७ जे/३ ची पीडीएफ उतरवून ठेवली आणि प्लॉटवाल्याला स्वतः फोन करून ‘फिट टू पेज’ बंद करायला सांगितलं.